परीक्षेच्या आठवड्यात जखम उशिरा का भरते?

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दंतवैद्यक शिकणाऱ्या ११ विद्यार्थ्यांनी एकदा स्वतःच्या टाळूला दोन जखमा करून घेतल्या. जखम अगदी बारीक, गोल, साडेतीन मिलिमीटरची. पहिली उन्हाळी सुटीत. दुसरी टाळूच्या दुसऱ्या बाजूला, सत्रातल्या पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. मग रोज फोटो काढायचा, जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं आणि फेस येतो का ते बघायचं. फेस यायचा थांबला की जखम भरली. माणूस तोच, तोंड तेच, जखम तेवढीच. तरी परीक्षेच्या दिवसांतली जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे ४० टक्के वेळ जास्त लागला. अकरांपैकी एकाचीही जखम परीक्षेत सुटीइतक्या लवकर भरली नाही. जखम भरण्याच्या कामाला सुरुवात करून देणारा इंटरल्यूकिन-१ नावाचा एक रेणू असतो. तो बनवण्याचा हुकूम देणारा जनुकीय संदेश परीक्षेच्या काळात ६८ टक्क्यांनी घटलेला सापडला. हा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ जिभेने टाळू चाचपत बसलो होतो. दातांच्या रचनेवरच्या प्रश्नपत्रिकेशी टाळूच्या पेशींचं काय देणंघेणं? त्यांना कुणी सांगितलं की सोमवारी पेपर आहे?

दुसरी गंमत अशी, की ताण म्हणजे काय, तो शरीरात कुठून शिरतो आणि कुठे कुठे पोचतो याबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातला मोठा वाटा अशाच मुलामुलींच्या रक्तातून, लघवीतून, लाळेतून आणि टाळूतून आला आहे. डॉक्टर, दंतवैद्य होऊ घातलेली ही मुलं. कारण साधं आहे. संशोधकाला ताण हवा असतो आणि तो ठरलेल्या दिवशी हवा असतो. वैद्यकीय महाविद्यालयात तो तारीखवार नोटीस बोर्डावर लावलेला असतो.

आपल्याकडे ती नोटीस नाशिकहून निघते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि राज्यातलं एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी हे सगळं त्याच्या छत्राखाली आलं. फार्मसी मात्र बाहेर राहिली. बी.फार्म.ची परीक्षा मुंबई विद्यापीठ किंवा लोणेऱ्याचं बाटू, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, घेतं, डी.फार्म.ची तंत्रशिक्षण मंडळ. पेण किंवा रोह्याच्या एखाद्या घरात मोठी मुलगी नर्सिंगला, धाकटा डी.फार्म.ला आणि शेजारची मुलगी बीएएमएसला असेल, तर एकाच आळीत तीन वेगवेगळी वेळापत्रकं नांदतात. घरच्यांच्या लेखी तिघांचं एकच: ‘मेडिकल लाइन’.

या दोन तालुक्यांतून एमबीबीएसला जायचं तर घर सोडावं लागतं, निदान पहाटेपासून रात्रीपर्यंत तरी. रायगड जिल्ह्यातच राहायचं म्हटलं तर कामोठ्याचं एमजीएम आहे, १९८९ पासूनचं. अलिबागला जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं १०० जागांचं शासकीय महाविद्यालय आहे. ते २०२१-२२ मध्ये सुरू झालं. रोहा हे मध्य रेल्वेचं शेवटचं टोक. तिथून पुढे कोकण रेल्वे. रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर अशी स्टेशनं घेत मेमू पनवेलला पोचते ती सुमारे ७५ किलोमीटरवर, आणि तिथून पुन्हा हार्बरची लोकल. गाड्या मोजक्याच, त्यामुळे एक चुकली तर सकाळच गेली. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. वडखळवरून एसटीने किंवा मिळेल त्या वाहनाने. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, आणि वडखळ नाक्यावर ज्याने एकदा तरी घड्याळाकडे पाहिलं आहे त्याला पुढचं सांगायला नको.

आता यात हजेरीचा नियम मिसळा. एमबीबीएसला थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. नर्सिंगला तर पदवी हातात पडण्याआधी वॉर्डातल्या प्रत्येक विभागाची प्रॅक्टिकल हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. आजारपणात बुडालेली ड्युटीही नंतर भरून काढायची. वडखळची कोंडी आणि हजेरीपट यांचा काही संबंध नाही असं वाटतं. पण शरीर असे संबंध जोडण्यात फार तरबेज असतं. ते कसं, हे पाहायला थोडं मागे जावं लागेल.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनने क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याला त्याच्या प्राध्यापकांनी सुचवलं, की या किरणांनी प्राणी अन्न कसं गिळतात ते बघ. त्याने मांजरांच्या खाण्यात बिस्मथ मिसळून पडद्यावर जठराच्या लाटा पाहायला सुरुवात केली. मध्येच त्या लाटा थांबायच्या. यंत्र ठीक, मांजर ठीक. मग त्याच्या लक्षात आलं, की मांजर बिथरलं, चिडलं, घाबरलं की जठर काम सोडून देतं. ते शांत झालं की पुन्हा सुरू. पचन बघायला बसलेल्या मुलाला भीती दिसली होती, तीही हाडामांसाच्या आत, चालू स्थितीत. ‘लढा किंवा पळा’ ही सर्वांना माहीत असलेली कल्पना पुढे त्यानेच मांडली. संकट दिसलं की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलीन सोडतात, हृदय जोरात धावतं, यकृत साखर मोकळी करतं आणि पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं.

कॅनन पुढे प्राध्यापक झाला तेव्हा हार्वर्डमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांची लघवी तपासली गेली. नऊ जण, एरवी कुणाच्याही लघवीत साखर नाही. अवघड परीक्षेनंतर चौघांच्या लघवीत ती सापडली. सोप्या परीक्षेनंतर एकाच्या. १९१३ साली हार्वर्डच्या फुटबॉल संघातल्या २५ खेळाडूंची मोसमातल्या सगळ्यांत चुरशीच्या सामन्यानंतर अशीच तपासणी झाली, तेव्हा बाराजणांच्या लघवीत साखर आली. त्यातले पाच राखीव होते. ते मैदानात उतरलेच नव्हते.

बाकावर बसून साखर. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी बाहेरच्या पॅसेजमध्ये आपला रोल नंबर यायची वाट पाहत उभ्या असलेल्या कुणाही विद्यार्थिनीला हे पाच खेळाडू आपले वाटतील. तिचं शरीर पळायची तयारी करून बसलं आहे आणि तिला मात्र उभं राहून ब्रॅकियल प्लेक्सस या हाताच्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या फांद्या आठवायच्या आहेत. त्यात ॲड्रिनलीनने बोटं थरथरतात. पेणजवळच्या हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम बरेच जण करतात, पण मूर्तीचे डोळे आखायला ठरावीक हातच लागतो, आणि त्या हाताला त्या वेळी कुणी हाक मारत नाही. पहिल्यांदा सलाइनची सुई लावणाऱ्या नर्सिंगच्या मुलीकडून तेवढ्याच नाजूक कामाची अपेक्षा असते. तिच्या मागे मात्र सिस्टर, रुग्णाचे दोन नातेवाईक आणि बॅचमधल्या चौघी उभ्या असतात.

कॅननने पाहिलं ते क्षणभराचं वादळ. दिवसेंदिवस मुरणारा ताण ओळखला तो आणखी एका वैद्यकीय विद्यार्थ्याने. हान्स सेल्ये, जन्म १९०७, प्राग इथे शिकत होता. त्याने नंतर लिहून ठेवलं आहे, की वर्गात प्राध्यापकांनी वेगवेगळ्या आजारांचे रुग्ण दाखवले आणि प्रत्येकाची खास लक्षणं समजावून सांगितली. याला मात्र वेगळंच दिसत होतं. सगळ्यांची भूक गेलेली, अंग दुखतंय, वजन उतरलंय, चेहरा ओढलेला. आजार वेगळे असले तरी ‘आजारी दिसणं’ सगळ्यांचं एकच कसं? अजून पुरतं शिकलेला नव्हता म्हणूनच त्याला हा प्रश्न पडला, असं मला वाटतं. शिकलेल्या डोळ्यांना फक्त खास लक्षणं दिसतात.

पुढे कॅनडात मॉन्ट्रियलला तो एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना अर्क टोचत होता. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, थायमस ग्रंथी आकसली, जठरात व्रण पडले. त्याला वाटलं, संप्रेरक सापडलं! मग खात्रीसाठी त्याने सरळ फॉर्मॅलीन टोचून पाहिलं. तेच परिणाम, उलट जास्तच जोरात. म्हणजे संप्रेरक वगैरे काही नाही. कसलाही त्रास दिला तरी शरीर एकच ठरावीक उत्तर देतंय. निराशेतून त्याला प्रागचा वर्ग आठवला. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये त्याची अगदी छोटी टिपणी छापून आली आणि ताणाच्या आधुनिक शास्त्राची ती सुरुवात मानली जाते.

फॉर्मॅलीन! पहिल्या वर्षाच्या मुलांना डिसेक्शन हॉलच्या दारातच डोळे चोळायला लावतं तेच. बारावीपर्यंत रोह्यात किंवा पेणमध्ये वाढलेली अठरा वर्षांची मुलगी पहिल्याच महिन्यात एका मृत माणसासमोर उभी राहते. नख, भुवई, हातावरचं गोंदण, सगळं जिथल्या तिथे. बहुतेक महाविद्यालयांत आता देहदात्याविषयी आदराची शपथ घेतात, आणि हा बदल फार चांगला आहे. पण त्या रात्री मेसमध्ये जेवण जात नाही, हे कुठल्याही विषयाच्या गुणपत्रिकेत उमटत नाही. काही महिन्यांत मुलं त्याच टेबलाशेजारी वडापावच्या गप्पा मारू लागतात. त्याला निबर होणं म्हणायचं की वाढणं, मला खरंच ठरवता येत नाही. आणि नंतर तिसऱ्या वर्षात, प्रत्येक प्रकरणाबरोबर तोच आजार आपल्याला झालाय असं वाटण्याची लहर येते. डोकं दुखलं की गाठ, खोकला आला की क्षय. जगभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत हे इतकं सरसकट आढळतं, की त्यावर शास्त्रीय निबंध लिहिले गेले आहेत.

आता मूळ प्रश्न. नक्की कशाचा ताण येतो? पटकन उत्तर येतं: अभ्यास फार. ते खोटं नाही. मलेशियातल्या युसॉफ या संशोधकाने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ४० कारणांची एक प्रश्नावली तयार केली आहे. भारतातही ती बरीच वापरली जाते. परीक्षा, अभ्यासाचा डोंगर, वाचनात मागे पडणं, ही कारणं त्यात बहुधा सगळ्यांत वर येतात. तिच्यात एक प्रश्न आईवडिलांच्या इच्छेखातर या अभ्यासक्रमाला येण्याबद्दलही आहे. माझ्या ओळखीच्या घरांत तो प्रश्न मोठ्याने विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

पण डोंगर मोठा आहे एवढ्याने टाळूची जखम रेंगाळत नाही. २००४ साली दोन अमेरिकन संशोधिकांनी प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र करून पाहिलं, की कॉर्टिसोल नक्की कशाने वाढतं. कॉर्टिसोल हे मुरणाऱ्या ताणाचं संप्रेरक. मेंदूतून निघालेला निरोप पिट्यूटरीमार्गे अधिवृक्क ग्रंथींना मिळतो आणि त्या ते सोडतात. ते जास्त काळ चढलेलं राहिलं की प्रतिकारशक्तीला लगाम बसतो. टाळूच्या पेशींना सोमवारचा पेपर कळतो तो बऱ्याच अंशी या वाटेने. त्या २०८ अभ्यासांतून दिसलं, की नुसतं अवघड काम दिल्याने कॉर्टिसोल फारसं हलत नाही. दुसऱ्यांसमोर आपण जोखले जातोय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सगळ्यांत वर जातं आणि उतरायलाही सगळ्यांत जास्त वेळ घेतं.

जर्मनीत ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली यासाठी एक चाचणी बसवली गेली. ती आज जगभर वापरली जाते. माणसाला तीन परीक्षकांसमोर उभं करतात. पाच मिनिटं स्वतःविषयी बोलायचं, नोकरीच्या मुलाखतीसारखं. परीक्षकांनी चेहऱ्यावर काहीही दाखवायचं नाही: मान हलवायची नाही, हसायचं नाही. अंगात पांढरे कोट. मग पाच मिनिटं १०२२ मधून १३ वजा करत जायचं, मोठ्याने. १००९, ९९६, ९८३. चुकलात की थंडपणे सांगतात: पुन्हा १०२२ पासून. बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल दुपटीपासून चौपटीपर्यंत चढतं.

पांढरे कोट, निर्विकार चेहरे, चुकलं की पहिल्यापासून. ताण निर्माण करायची सर्वोत्तम कृती शोधताना ट्रिअरच्या शास्त्रज्ञांनी नकळत आपली व्हायवा शोधून काढली! फरक इतकाच, की तिथे चाचणी संपल्यावर परीक्षक हसून सांगतात की हे सगळं नाटक होतं.

आणि तिसरा घटक अनिश्चितता. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या शास्त्रज्ञांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगड उलटायचा, त्याखाली साप असेल की नाही ते आधी सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा खराखुरा चटका. शक्यता सतत बदलत राहायची. डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात, तळव्याला घाम किती येतो हे यंत्र टिपत होतं. ताणाने कळस कधी गाठला? चटका नक्की बसणार हे ठाऊक असताना नाही. बसेल की नाही हे अर्धंअर्धं असताना. ठरलेला चटका परवडला, पण कदाचितचा नको, असं शरीराचं म्हणणं.

या कदाचितचा पुरवठा आपल्याकडे मुबलक आहे. ५ मे २०२४ ची नीट ही प्रवेशपरीक्षा घ्या. २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखापेक्षा थोड्या जास्त. निकाल लागला, मग वाढीव गुणांचा वाद झाला, १,५६३ जणांचे ते गुण काढून घेतले, पेपरफुटीचा तपास सुरू झाला, आणि परीक्षा रद्द होणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाकडून कळायला २३ जुलै उजाडली. त्यानंतर प्रवेशाचे राउंड, चॉइस फिलिंग, एका राउंडमध्ये नांदेड, पुढच्यात कदाचित जवळचं काहीतरी, घेतलेलं सोडावं की धरून ठेवावं. प्रवेश मिळाल्यावर तरी दगड संपले का? २०१९ च्या एमबीबीएस तुकडीला सांगितलं गेलं होतं, की तुमची शेवटची परीक्षा ‘नेक्स्ट’ या नव्या पद्धतीने होईल. जुलै २०२३ मध्ये सराव परीक्षेची तारीखही ठरली, आणि तिच्या काही दिवस आधी सगळंच पुढे ढकललं गेलं. चार वर्षं एका परीक्षेच्या भीतीत काढायची आणि ती व्हायचीच नाही. राखीव खेळाडूंची साखर आठवते ना?

वडखळची कोंडी इथे येऊन मिळते. ठरलेले दोन तास प्रवासाचे असतील तर मुलं त्यात झोपतात, फ्लॅशकार्ड वाचतात, मेमूच्या खिडकीशी बसून फार्माकॉलॉजी पाठ करतात. पण दीड तास लागेल की साडेतीन, हे ठाऊक नसताना आणि पलीकडे हजेरीपट उघडा असताना पुस्तक उघडून उपयोग नसतो.

रायगडच्याच मातीत या विषयाची एक विलक्षण जोडी आहे. विनोबा भाव्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, सप्टेंबर १८९५. चिंतामणराव देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, जानेवारी १८९६. वडील रोह्याला वकिली करत. दोघांत चार महिन्यांचं अंतर. देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले, १९१८ ला लंडनमध्ये आयसीएसला पहिले आले, आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतला उतरून काशीला गेले. प्रमाणपत्रं त्याआधीच घरच्या चुलीत घातली होती. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस म्हणायचा, की ताण घटनेत नसतो. समोरचं मागणं आणि आपल्याजवळचं बळ यांचा माणूस मनात जो हिशेब मांडतो त्यात असतो. दोघांच्या मनातला हिशेब आपल्याला कळायला मार्ग नाही. पण देशमुखांना ती परीक्षा आपली वाटत असावी आणि विनोबांना वाटत नसावी, एवढं म्हणायला हरकत नाही. त्यातही विनोबांना उतरायला सुरत होती. शैक्षणिक कर्ज काढलेल्या, गावाने आधीच ‘डॉक्टर’ म्हणायला सुरुवात केलेल्या मुलाची गाडी मधल्या कुठल्या स्टेशनावर थांबते?

तो हिशेब सगळ्यांचा सारखा नसतोच. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात पाळीने जाणाऱ्या बापाच्या मुलीला, कुटुंबातल्या पहिल्या पदवीधराला, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पहिल्याच आठवड्यात गायटनच्या शरीरक्रियाशास्त्राचं जाडजूड इंग्रजी समोर आलेल्याला मागणं तेच असतं, गाठीशी मात्र कमी असतं. पाठांतर येतं, पण व्हायवात इंग्रजीतून उत्तर जुळवेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात. आणि काही मुलांना तर अभ्यासाशी संबंध नसलेलं ओझं वाहावं लागतं. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. त्या आदिवासी तडवी समाजातल्या. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवला गेला. पायल यांच्या आईने, आबेदा तडवींनी, हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आईसोबत उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अशा ताणाला वेळेचं नियोजन आणि प्राणायाम सुचवणारे लोक भेटतात तेव्हा मला राग येतो.

आकडे एकदाच सांगतो. २०१६ साली ४३ देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचं नोंदवलं, आणि १६.२ टक्क्यांनी जीव देण्याचे विचार येत असल्याचं. दोन्ही सत्तावीस सारखे दिसले तरी ते वेगळ्या गोष्टी मोजतात, आणि ऑनलाइन अर्ज ज्याला भरावासा वाटला त्यानेच भरलेला असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नये आणि एक सुटी मिळावी, अशी शिफारस त्याच अहवालात आहे. ७४ ही सवलत आहे, यावरून आधीचं काय ते समजावं. कुणाला असे विचार येत असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि पलीकडे मराठीत बोलता येतं.

आता थोडं उलट बाजूने. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी मोठ्या परीक्षेची महिनाभर तयारी करणाऱ्या २० विद्यार्थ्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेण्याचं काम त्यांना, ताण नसलेल्या जोडीदारांच्या तुलनेत, जड जात होतं, आणि कपाळामागच्या मेंदूच्या भागांतलं आपसातलं बोलणं विसकटलेलं दिसलं. म्हणजे अभ्यासासाठी जो भाग लागतो त्यालाच अभ्यासाने बांध घातला होता. पण सुटीच्या एका महिन्यानंतर त्याच मुलांना पुन्हा झोपवलं, तर सगळं पूर्ववत. विशीतला मेंदू इतका लवचिक असतो. हा निबंध २००९ चा, आणि तो पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला पालकांसकट वाचून दाखवावा असं मला वाटतं, कारण आपल्याकडे परीक्षेनंतरची सुटी म्हणजे पुढच्या वर्षाची पुस्तकं आधी आणून ठेवायची वेळ समजली जाते.

ओहायोतल्याच आणखी एका प्रयोगात ४८ वैद्यकीय विद्यार्थ्यांना हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस मुद्दाम परीक्षेच्या शेवटच्या दिवशी दिले गेले. पहिल्याच डोसनंतर प्रतिपिंडं दिसली ती बाराजणांत, आणि ते बाकीच्यांपेक्षा कमी ताणात, कमी धास्तीत होते. सुईशी रोज खेळणाऱ्या आपल्या नर्सिंगच्या आणि एमबीबीएसच्या मुलांना हीच लस दिली जाते. ती कोणत्या आठवड्यात द्यावी, हे ठरवायला पैसे लागत नाहीत.

अमेरिकेतल्या सेंट लुइस विद्यापीठात स्टुअर्ट स्लेविन नावाचे सहयोगी अधिष्ठाता होते. पहिल्या वर्षात आपली मुलं खचत जातात हे त्यांना पाहणीतून दिसलं, तेव्हा त्यांनी मुलांना सुधारायच्या भानगडीत न पडता आधी अभ्यासक्रमच धरला. वर्गांचे तास सुमारे १० टक्क्यांनी कापले. सुरुवातीच्या वर्षांत गुण-श्रेणी काढून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवलं. मोकळा वेळ आवडीच्या विषयाला दिला. मुलांचे छोटे गट बांधले. नैराश्य आणि चिंता, दोन्ही लक्षणीय उतरली. आणि राष्ट्रीय परीक्षेतले गुण घसरले नाहीत. सगळ्या विरोधकांना भीती होती ती गुणांचीच.

पुढे ती राष्ट्रीय परीक्षाच, म्हणजे तिचा पहिला टप्पा, जानेवारी २०२२ पासून देशभर फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाली. मुलांनी सुटकेचा श्वास टाकला. मग नंतरच्या प्रशिक्षणासाठी मुलं निवडणाऱ्या रुग्णालयांनी दुसऱ्या टप्प्याचे गुण बारकाईने बघायला सुरुवात केली, आणि सगळी धावपळ तिकडे सरकली.